छंद धातुशोधाचा : आधी परवानगी, मग यंत्र

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे एक खेडे आहे. १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथल्या पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात कुठेतरी पडला. शोधूनही सापडेना, तेव्हा त्याने एरिक लॉज या आपल्या मित्राला बोलावले. लॉज हे माळीकामातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर होता. हातोडा शोधता शोधता यंत्राने एका जागी जोराचा आवाज दिला. उकरून पाहतात तो चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाण्यांची रास!

दुसरा कोणी असता तर कंदील लावून रात्रभर खणत बसला असता. लॉज थांबले. त्यांनी जमिनीची मालक असलेल्या परगण्याच्या कौन्सिलला आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ येऊन दाखल झाले आणि त्यांनी तो सगळा ठेवा होता तशा मांडणीसकट बाहेर काढला. रोमन काळातील जवळजवळ पंधरा हजार नाणी, त्याशिवाय दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू. इसवी सन ४०७ नंतर केव्हातरी कुणा धनाढ्य कुटुंबाने हे सारे लाकडी पेटीत भरून पुरले असावे. पेटीचे लाकूड कुजून गेले होते, पण आत कोणती वस्तू कशाशेजारी ठेवली होती, कशात गुंडाळली होती, हे सांगता आले. कारण एकच, कुणी तेथे घाईने फावडे चालवले नव्हते. ठेव्याची किंमत साडेसतरा लाख पौंड ठरली. ते बक्षीस लॉज यांना मिळाले आणि त्यांनी त्यातला वाटा व्हॉटलिंगला दिला. हातोडाही सापडला बरे का! तोही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

या ठेव्यात चांदीच्या चार मिरेदाण्या आहेत. त्यांतली एक तर एखाद्या राणीसारख्या दिसणाऱ्या स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. तिच्यात भरायची काळी मिरी कोठून येत असे? आपल्या मलबार किनाऱ्यावरून! कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती ज्यांनी टाउन हॉल म्युझियममध्ये पाहिली असेल, त्यांना रोमचा आपल्याशी असलेला व्यापार नवा नाही. एका हरवलेल्या हातोड्यामुळे त्याच व्यापाराचे दुसरे टोक सफोकच्या शेतात उजेडात आले.

इंग्लंडमध्ये हा छंद घरोघरी माहीत आहे. ‘डिटेक्टरिस्ट्स’ नावाची बीबीसीची विनोदी मालिका २०१४ मध्ये आली आणि लोकप्रिय झाली. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, भाचे, जावई शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे आहेत. लेस्टर, स्लाउ, मँचेस्टरसारख्या शहरांत राहणाऱ्या या मंडळींना शनिवार-रविवारी मोकळ्या हवेत करण्याजोगा, मुलांना बरोबर घेता येईल असा हा उद्योग आहे. मात्र यंत्र विकत घेतले आणि दिसेल त्या शेतात शिरलो, असे येथे चालत नाही. नवशिके नेमके येथेच चुकतात. महिनाभर यंत्राच्या जाहिराती वाचतात, आणि ‘शोधायचे कोणाच्या जमिनीत?’ हा प्रश्न यंत्र दारात आल्यावर सुचतो!

यंत्र काय करते?

यंत्राची करामत समजायला सोपी आहे. दांड्याच्या टोकाला एक तबकडी असते. तिच्यात तारेचे वेटोळे असते आणि त्यातून उलटसुलट दिशेने वाहणारी वीज सोडलेली असते. त्यामुळे तबकडीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात लहान लहान वीजप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे उलट क्षेत्र तबकडीतील दुसरे वेटोळे टिपते. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ‘टुंई’ असा आवाज येतो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी असेच एक यंत्र वापरून पाहिले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवले असे म्हणतात.

आजची यंत्रे लोखंड आणि इतर धातू यांतला फरक बऱ्यापैकी ओळखतात. पण सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी यांचा आवाज बहुधा सारखाच येतो. म्हणून ‘कचरा वगळा’ असे बटण दाबून बसणाऱ्याच्या हातून अंगठीही निसटते. एकट्या नाण्याचा पत्ता साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागतो. कितीही महाग यंत्र घेतले तरी पुरुषभर खोलीवरचे नाणे दिसेल अशी आशा बाळगू नये. समुद्राच्या ओल्या, खाऱ्या वाळूत साधी यंत्रे गोंधळतात. तिथल्यासाठी वेगळ्या पद्धतीची मिळतात.

सुरुवातीला शंभर-दोनशे पौंडांचे साधे यंत्र पुरते, वापरलेले मिळाले तर उत्तमच. जोडीला मजबूत खुरपे, हातमोजे आणि खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातात मावेल असा छोटा शोधक. पहिले पंधरा दिवस घरच्या बागेत निरनिराळी नाणी, खिळे, कड्या पुरून त्यांचे आवाज ओळखायला शिकावे. घर भाड्याचे असेल तर बाग खणण्यापूर्वी घरमालकाला विचारावे हे ओघाने आलेच.

प्रत्येक जमिनीला मालक असतो

इंग्लंड आणि वेल्समध्ये धातुशोधासाठी सरकारी परवाना लागत नाही. हे ऐकून पुष्कळांचा गैरसमज होतो. परवाना नको, पण परवानगी हवीच. कोणतीही जमीन कोणाच्या तरी मालकीची असते आणि तिच्यात सापडलेली वस्तू मुळात त्या मालकाची असते. न विचारता उचलली तर ती चोरी ठरू शकते. शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तिच्याकडेला खणण्याचा नाही. शेत कुळाने कसायला घेतले असेल तर मालक आणि कूळ दोघांनाही विचारावे लागते. हॉक्सनचे शेतसुद्धा कसणाऱ्याचे नव्हते, कौन्सिलचे होते.

काही जागांचा विचारच सोडून द्यावा. कायद्याने संरक्षित स्मारकांच्या जागी लेखी सरकारी संमतीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे. १९७९ चा कायदा तसे सांगतो. खणले नाही, नुसते फिरवले, ही सबब चालत नाही. नॅशनल ट्रस्ट ही संस्था आपल्या मालकीच्या जमिनींवर हा छंद सहसा करू देत नाही. वन्यजीव आणि वनस्पतींसाठी राखलेल्या भूभागांवरही निर्बंध असतात. शहरातली उद्याने, मैदाने स्थानिक कौन्सिलची. कुठे चालते, कुठे मुळीच चालत नाही. पत्र पाठवून विचारणे सर्वांत बरे.

समुद्रकिनाऱ्याचे थोडे सोपे आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग क्राउन इस्टेटकडे आहे आणि तेथे काही अटींवर शोध घेता येतो. उरलेले किनारे कौन्सिलांचे, खासगी मालकांचे किंवा इतर संस्थांचे आहेत. नवशिक्याने आरंभ येथूनच करावा असे आम्हाला वाटते. वाळू उपसायला हलकी, खड्डा चटकन बुजतो, आणि उन्हाळ्यात पर्यटकांच्या खिशातून पडलेली नाणी भरपूर मिळत असल्याने मुलांचा उत्साह टिकतो. मात्र लंडनच्या थेम्सकाठाचे फोटो पाहून कोणी हुरळून जाऊ नये. तेथे पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी शोधायचे असले तरीही! परवान्यांची संख्या मर्यादित आहे आणि इच्छुकांची रांग मोठी.

राहता राहिली शेते, म्हणजे या छंदाचा खरा गाभा. शेतकऱ्याची परवानगी मिळवायची कशी? यात यंत्रापेक्षा माणुसकी जास्त कामाला येते. पेरणी-कापणीच्या गर्दीत जाऊ नये. मेंढ्या विण्याच्या दिवसांत तर नाहीच. स्वच्छ कपड्यांत, यंत्र गाडीतच ठेवून दारावर जावे आणि आपण कोण, कुठे राहतो, काय करू इच्छितो हे दोन मिनिटांत सांगावे. ‘नाही’ म्हटले तर आभार मानून निघावे. पुढच्या वर्षी तोच शेतकरी हाक मारील. शेतात हरवलेला नांगराचा भाग, किल्ल्या, लग्नाची अंगठी शोधून देण्याची तयारी दाखवली तर दार लवकर उघडते, असा जुन्या छांदिष्टांचा अनुभव आहे. विम्याचे कार्ड जवळ असावे. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संस्थेच्या सभासदत्वात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा येतो, आणि शेतकरी तो पाहतोच.

होकार मिळाला की कागदावर घ्यावा. कोणती शेते, किती काळ, आणि काही मौल्यवान सापडल्यास वाटणी कशी, हे त्यात असावे. निम्मे-निम्मे हा सर्वसाधारण रिवाज आहे. भावाभावांतही पैशाची गोष्ट तोंडी ठेवू नये, येथे तर परक्या गावचा शेतकरी!

परदेशात नवीन गेलेल्या, दारोदार जाण्याचा संकोच वाटणाऱ्या माणसाने सरळ स्थानिक क्लब गाठावा. बहुतेक क्लबांकडे परवानगी मिळालेली शेते असतात. थोडी वर्गणी भरून त्यांच्याबरोबर जाता येते, आणि शेजारी वीस वर्षे हेच करणारा कोणी आजोबा असला तर पुस्तकांपेक्षा अधिक शिकायला मिळते.

शेत कोणते निवडावे हे घरी बसून ठरवता येते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. आज जेथे नुसते गवत दिसते तेथे शंभर वर्षांपूर्वी पायवाट, पाणवठा किंवा जत्रेचे मैदान होते असे त्यांत आढळते. जेथे माणसे थांबत, बसत, पैसे मोजत, तेथेच पैसे पडत. इंग्लंडमधील संरक्षित स्मारकांची यादीही हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने खुली ठेवली आहे. शेतकऱ्याच्या दारात जाण्यापूर्वी ती तपासावी.

शेतातली रीत

कापणी झाल्यापासून नवी पेरणी होईपर्यंतचा काळ उत्तम. वाफ्यावाफ्याने जावे तसे सरळ ओळीत, तबकडी जमिनीलगत ठेवून सावकाश जावे. गवताळ कुरणात खणताना घोड्याच्या नालेसारखा काप घेऊन गवताचा तुकडा बिजागरीसारखा उलटावा आणि काम झाल्यावर परत दाबून बसवावा. न बुजवलेल्या खड्ड्यात गायीचा पाय अडकून मोडला तर त्या शेतकऱ्याचेच नव्हे, अख्ख्या गावाचे दार बंद होते. फाटक जसे होते तसे लावावे. सापडलेला कचरा बरोबर न्यावा. महायुद्धातला बाँबगोळा वाटण्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना कळवावे.

आणि नाणे सापडले की लगेच अंगठ्याने चोळून पाहण्याचा मोह आवरावा! त्या एका चोळण्यात दीड हजार वर्षे टिकलेली अक्षरे पुसली जातात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागेची नोंद. नांगराच्या फाळाने उलटसुलट होणाऱ्या वरच्या थरातली वस्तू काढायला हरकत नाही, तिची मूळ जागा तशीही हललेली असते. त्या थराखाली काही लागले, किंवा एकाच जागी अनेक वस्तू निघू लागल्या, तर थांबायचे. सापडल्याची अचूक जागा लिहून फाइंड्स लायझन ऑफिसरला फोन करायचा. असे जवळजवळ चाळीस अधिकारी इंग्लंड-वेल्सभर नेमलेले आहेत. १९९७ मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमखाली ते लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवून घेतात, आणि बहुतेक वस्तू परतही देतात. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. एक गंजकी कडी म्हणजे काहीच नाही, पण एका टेकडीवर तशा चाळीस सापडल्याचे नकाशावर दिसले की तिथे एखादी विसरलेली वस्ती होती हे ध्यानात येते.

खजिन्याचा कायदा मात्र सक्तीचा आहे. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट म्हणतो की तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू, किंवा तशा नाण्यांपैकी एकत्र सापडलेली दोन वा अधिक नाणी, हा खजिना होय. २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीने असामान्य अशी धातूची वस्तूही त्यात येते, मग ती सोन्याचांदीची नसली तरी. चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावे लागते. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्युझियमने तो घ्यायचे ठरवले तर बाजारभावाने बक्षीस मिळते आणि ते सहसा शोधणारा व जमीनमालक यांत वाटले जाते. स्कॉटलंडमध्ये कायदा वेगळा आहे. तेथे जमिनीतून निघणारी मालकहीन प्राचीन वस्तू राजसत्तेची, आणि कळवणे बंधनकारक. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तर सरकारी संमतीवाचून प्राचीन वस्तूंसाठी यंत्र फिरवायलाच बंदी आहे. सहलीला जाताना गाडीत यंत्र टाकण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

२०१५ साली इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच काळातले, नवव्या शतकातले, दोन ठेवे सापडले. पहिला हेरफर्डशर परगण्यात लेम्स्टरजवळ. शोधणाऱ्या दोघांनी तो लपवला आणि नाणी गुपचूप विकायला काढली. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज. हाती लागली तीस-बत्तीस. २०१९ मध्ये दोघांना कित्येक वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. दुसरा ठेवा ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनजवळ. शोधणाऱ्या गृहस्थाने ताबडतोब कळवले, आणि अधिकाऱ्याने तो मातीच्या ढेकळासकट उचलला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियमने तो साडेतेरा लाख पौंडांना घेतला. दोन्हींत एक विलक्षण नाणे होते. त्यावर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांच्या मैत्रीची खूण, शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या इतिहासाने या चेओलवुल्फला नगण्य ठरवून बाजूला टाकले होते. म्हणजे हजार-अकराशे वर्षांनी त्याला न्याय मिळत होता. पण लेम्स्टरची अडीचशेहून अधिक नाणी गेली ती गेलीच. त्यांवर आणखी काय होते हे आता कोण सांगणार?

आपल्याकडचे गुप्तधन

हे वाचून एखादा उत्साही वाचक यंत्र मागवून गडावर निघण्याआधी चार शब्द आपल्या देशाविषयी. गुप्तधनाच्या कथांवर आपण लहानाचे मोठे झालो. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, हंड्यावर नाग बसलेला असतो, वगैरे. २०१३ साली उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा येथे एका साधूला पडलेल्या स्वप्नानंतर हजार टन सोन्यासाठी पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. सोने निघाले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत शेकडो माणसे रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांची नाणी खणताना दिसली. निमित्त ‘छावा’ चित्रपट आणि एक अफवा. सकाळी शेतकऱ्याच्या वाट्याला आले ते खड्डे! आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांचा बंदोबस्त महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करावा लागला, ही आपल्या समाजाची लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

आपल्याकडे हा छंद इंग्लंडसारखा चालत नाही. संरक्षित किल्ले, लेणी, मंदिरे यांच्या परिसरात अनधिकृत खोदकाम हा गुन्हा आहे. पुरातत्त्वीय उत्खननाला रीतसर परवाना लागतो आणि तो छांदिष्टांना मिळत नाही. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यामूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ज्यांना खरोखर गोडी आहे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत पुरातत्त्वाचे शिक्षण घ्यावे. घरच्या अंगणात पडलेले कानातले शोधायला यंत्र वापरले तर कोणाचीच हरकत नाही, पण शेजाऱ्याच्या बांधापलीकडे त्याला विचारूनच.

मात्र विहीर खणताना, पाया काढताना नाण्यांचे मडके लागले, असे आजही घडते. मग गावात कुजबुज, वाटणीवरून भांडण, सोनाराकडे रातोरात वितळवणे, आणि अखेर पोलीस. हे टाळता येते. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवून ती सरकारी तिजोरीत ठेवायची किंवा तसा जामीन द्यायचा. मूळ मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देते. दडवले तर एक वर्षापर्यंत कैद. मजुराला, कुळाला यात मालकापेक्षा मोठा वाटा आहे हे खेड्यापाड्यांत फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणूनच तो घाबरून सोनाराकडे पळतो.

जिल्हाधिकाऱ्याला द्यायची ती नोटीस साध्या कागदावर लिहिता येते. काय सापडले, किती किंवा अंदाजे किती किमतीचे, कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेला, एवढेच तिच्यात लिहायचे असते.